चौकट, फुली आणि वर तीन टाके

मास्तरांनी शिवलेल्या दप्तराचा पट्टा तुटला असं कोणी सांगितलं, तर ऐकणारा आधी सांगणाऱ्याकडेच संशयानं पाहायचा. दप्तर विटेल, चेन खराब होईल, दप्तर वापरणारं पोरगं मोठं होऊन नोकरीला लागेल, पण पट्टा जागचा हलायचा नाही. ही ख्याती काही हवेतून आलेली नव्हती. पट्टा जिथं दप्तराला जोडतात तिथं मास्तर आधी टिपेची चौकट घालायचे आणि चौकटीत फुली मारायचे. इथवर सगळेच शिंपी करतात. मास्तर मात्र फुली संपली की त्याच जागी मशीन उलटं चालवून आणखी तीन टाके घालायचे. सुरुवातीला कारखान्याचे मालक कुरकुरायचे, "मास्तर, दोरा फुकट येतो का?" मास्तर म्हणायचे, "दोरा तुमचा जातो मालक, पण नाव माझं जातं." पुढं मालकांनी विचारणं सोडून दिलं, कारण गिऱ्हाईक दुकानात जाऊन 'तीन टाक्यांचं दप्तर' मागायला लागलं.

माल तपासायची रीतही मास्तरांचीच. छताला एक लोखंडी आकडा होता. दर लॉटमधलं एक दप्तर उचलायचं, त्यात आठ विटा भरायच्या आणि पट्ट्यानं आकड्याला लटकवायचं. मग सगळ्यांनी चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत पट्टा टिकला की लॉट पास. अकरा माणसांच्या त्या कारखान्यात परीक्षा म्हणून जी काय होती ती एवढीच. वस्तू दुसऱ्या कुठल्या रीतीनंही तपासायची असते, हे तिथं बापजन्मात कोणाच्या मनाला शिवलं नव्हतं. पुढं जे काही झालं ते तिथूनच झालं.

मग बाहेरची दप्तरं आली. कुठून आली ते कोणी विचारलं नाही. जहाजातून आली, पेट्याच्या पेट्या भरून आली, आणि मास्तरांना जेवढ्याला नुसतं कापड पडायचं त्याहून स्वस्तात बाजारात लटकायला लागली. त्यांच्यावर चित्रं होती, काहींना चाकं होती, चाकांत दिवे लागायचे. पट्टा महिन्याभरात हातात यायचा, पण चाकांत दिवे लागत असताना पट्ट्याकडे बघतो कोण? मास्तरांनी एक आणून आकड्याला लावलं. तिसऱ्या विटेलाच ते धाडकन खाली आलं. सगळे पोट धरधरून हसले. पुढच्या वर्षी अर्धी मशिनं बंद होती आणि हसायला कोणाला तोंड नव्हतं.

मालक तसा वाईट माणूस नव्हता. कारखान्याच्या वरच्याच मजल्यावर राहायचा, माणसांच्या अडीनडीला धावायचा. माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा तीन दिवस खाली उतरलाच नाही. चौथ्या दिवशी उतरला तो एका दलालाला घेऊन. दलालाच्या हातात एक नारिंगी जाकीट होतं.

"पाण्यात बुडू नये म्हणून अंगात घालतात ते," मालक म्हणाले. "मास्तर, पाण्यातलं दप्तरच समजा. दोन पट्टे, दोन बकलं, आत पुस्तकांऐवजी फोम."

"आणि माल जाणार कुठं?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"बाहेर म्हणजे बाहेर, मास्तर! समुद्रापलीकडे. तिथं लोक सुट्टीला बोटीत बसतात, फोटो काढतात. आपल्याला काय करायचंय?"

मास्तरांनी जाकीट उलटसुलट करून पाहिलं. पट्ट्याची टीप कच्ची होती. त्यांनी नाक मुरडलं आणि तिथंच त्यांचं मन त्या कामात गुंतलं.

कारखाना पुन्हा चालू झाला. मास्तरांची लेक भरणीला लागली. भरणी म्हणजे शिवून आलेल्या कापडाच्या खोळीत फोम बसवणं. तिचा नवराही बाहेरच होता. दुसऱ्या देशात, उंच इमारतींवर बाहेरच्या बाजूनं काचा बसवायचं काम करायचा. आठवड्यातून एकदा त्याचा फोन यायचा. 'बरं आहे' म्हणायचा, आणि पोरीला फोनवर पापा द्यायचा. पोरगी चार वर्षांची. खरं नाव शाळेत घालताना ठरवू म्हणून राहिलं होतं. सगळे तिला चिमणीच म्हणायचे. शाळेत जायची घाई मात्र तिला आत्तापासूनच, म्हणून मास्तरांनी तिला पाटी आणून दिली होती.

पहिले दोन महिने फोमचे जाड, टणक ताव यायचे. तिसऱ्या महिन्यात पोत्यांतून मऊ, पिवळसर फोम यायला लागला, गादीत असतो तसला, तुकड्या-तुकड्यांचा. "तोच आहे, जरा मऊ आहे इतकंच," मालक म्हणाले. भरणीच्या बायका खूश झाल्या, कारण तो हातानंही फाटायचा आणि बोटं सोलवटायची नाहीत. उरलेले तुकडे त्या घरी न्यायच्या. कोणी उशी भरली, कोणी खुर्चीवर बसायला केलं. मास्तरांच्या घरी एक तुकडा भांडी घासायला मोरीत पडलेला असायचा आणि एक चिमणीच्या पाटीपाशी.

दलालानं मग लहान मुलांच्या मापाची जाकिटं मागितली. साचा त्यानंच दिला. मास्तरांनी पहिलं जाकीट शिवलं, घरी आणलं आणि चिमणीला घातलं. ती आरशापुढं मिरवली. "आजोबा, मी संत्रं!" म्हणाली आणि तिनं दोन्ही हात वर केले. जाकीट सरकून कानांच्या वर गेलं, आणि खालून अंग काढून ती पळाली. लेक हसली. मास्तर हसले नाहीत.

"बोटीत बसून पोरगं पाण्यात पडलं, तर हात वरच करणार ना?" ते म्हणाले. "जाकीट राहील वर आणि पोर जाईल खाली. असला कसला साचा!"

त्या रात्री नाही, पण पुढचे दोन दिवस त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मग त्यांनी स्वतःच्या अकलेनं एक पट्टा वाढवला. पाठीमागून निघून दोन पायांच्या मधून पुढे येणारा. पुढे बक्कल लावलं नाही, कारण बक्कल पोरं चाळवून उघडतात. तिथं दोन कड्या लावल्या. पट्टा कड्यांतून ओढून घेतला की जितका ताणाल तितका आवळतो. दोन्ही टोकांना चौकट, फुली आणि वर तीन टाके. चिमणीला घालून त्यांनी तिला हात वर करायला लावले, उड्या मारायला लावल्या, शेवटी जाकिटाला धरून उचललं. ती लोंबकळत खिदळत राहिली. जाकीट तसूभर हललं नाही.

कारखान्यात ते जाकीट त्या नव्या पट्ट्यानं आकड्याला लावलं. आठ विटा. सगळ्यांचा चहा पिऊन झाला. मालकांनी उठून मास्तरांना मिठी मारली. दलालानं साचा बदलून घेतला आणि लहान मापाची मागणी दुप्पट केली. त्या आठवड्यात जावयाचा फोन आला तेव्हा मास्तरांनी लेकीच्या हातून फोन ओढूनच घेतला. "आता आमची वस्तूही तुमच्यासारखी परदेशात जाते बरं का! कुठं दिसली तर पट्टा ओढून बघा." इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि तो आनंद खोटा होता असं आजही म्हणवत नाही. माणूस मनापासून काम करत होता.

त्यानंतर साताठ महिने गेले असतील. सुट्टीच्या दिवशी सकाळी मास्तर दाढीला बसले होते. सलूनवाल्याला खोड अशी, की एक गाल झाला की वस्तरा पुसता पुसता पेपर वाचायचा आणि गिऱ्हाइकाला बातम्या ऐकवायचा. अर्धा गाव अर्ध्या दाढीनं जगाचा कारभार ऐकत बसायचा.

"मास्तर, तुमच्या धंद्यातली बातमी. बोट उलटली कुठंतरी. घरदार सोडून पळणारी माणसं होती. लढाई चालूय ना तिकडे. साठ की काय बसायची जागा आणि दीडशे कोंबलेली. आणि गंमत बघा, सगळ्यांच्या अंगात जाकिटं! तरी बुडाली. असतं एकेकाचं नशीब."

"दाखव," मास्तर म्हणाले. धंद्यातली बातमी म्हणून म्हणाले, दुसरं काही मनात नव्हतं.

फोटो मोठा होता. किनाऱ्यावर नारिंगी जाकिटांचा ढीग आणि पुढे, अगदी जवळून घेतलेलं, एक लहान जाकीट वाळूत उताणं पडलेलं. पायांमधला पट्टा मधोमध कापलेला होता. पण त्याचं टोक जाकिटाला होतं तिथंच होतं. चौकट होती. फुली होती. आणि फुलीवर तीन टाके होते.

स्वतःचं अक्षर माणसाला ओळखावं लागत नाही. मास्तरांनी तरी पेपर जवळ घेतला, लांब धरला.

"खाली काय लिहिलंय?"

सलूनवाल्यानं वाचलं. मासे पकडायला गेलेल्या एका माणसानं त्यांना पाहिलं होतं. तो म्हणत होता, की जाकिटांनी पाणी पिऊन ती दगडासारखी जड झाली होती. एक बाई आपल्या पोराचं जाकीट काढायला बघत होती, ओढत होती, पण पायातला पट्टा काही सुटेना. ती ओढेल तितका तो आवळत गेला. 'आम्ही पोचलो तेव्हा आम्हालाही सुरीनं कापावा लागला, आणि तोवर उशीर झाला होता,' असं त्यानं सांगितलं होतं.

"अहो मास्तर! एक गाल राहिलाय!"

मास्तर रस्त्यावर पोचले होते. गळ्यात सलूनवाल्याचं फडकं तसंच होतं.

घरी आले तेव्हा लेक कपडे वाळत घालत होती. मास्तर सरळ मोरीत गेले, तोंडाचा साबण धुवायला. नळाखाली तो पिवळा तुकडा पडला होता, भांडी घासायचा, रोजचा. पाणी पिऊन टम्म फुगलेला. मास्तरांनी तो उचलला आणि मुठीत दाबला. पाणी बोटांतून वाहिलं. सोडला. नळाखाली धरला. तो पुन्हा भरला. पुन्हा दाबला. बाहेर चिमणी ओल्या तुकड्यानं पाटी पुसत होती. वर्षभर पुसत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण मास्तरांनी तर वळसाही घातला नव्हता. रोज सकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत त्या फोमनं सांगितलं होतं की मी पाणी पितो, आणि त्यांनी त्यानं ताट घासून घेतलं होतं.

"बाबा, काय झालं? अर्धीच दाढी कशी?"

मास्तर तसेच कारखान्याकडे निघाले. कारखान्याची एक किल्ली त्यांच्याकडे असायची. गोडाऊनमधून एक लहान जाकीट काढलं. आकड्याखालच्या आठ विटांतली एक उचलली. दोन्ही घेऊन मागच्या पाण्याच्या टाकीपाशी आले. वीट त्यांनी जाकिटात बसवली, पायांमधला पट्टा कड्यांतून ओढला आणि जाकीट पाण्यावर सोडलं.

ते तरंगलं.

मास्तरांच्या जिवात जीव आला. तरंगतंय की! पेपरवाल्यांना काय, काहीही छापतात. ते आत गेले, स्टोव्हवर चहा ठेवला, कपात ओतला आणि कप घेऊन बाहेर आले. टाकीवर काही नव्हतं. त्यांनी वाकून पाहिलं. तळाशी नारिंगी रंग दिसत होता.

त्यांनी काठीनं जाकीट वर काढलं. ते उचलता उचलेना. पट्टा ओढून पाहिला, सुटला नाही. ओला पट्टा कड्यांत असा काही बसला होता, की चाळीस वर्षं दोरा-कापडात मुरलेली त्यांची बोटं त्याला हरली. टाकीच्या कडेवरचा चहा अजून गरम होता.

आरडाओरडा ऐकू आला नव्हता, तरी मालक जिन्यानं खाली आले होते. त्यांनी टाकी पाहिली, जाकीट पाहिलं, मास्तरांचा एक दाढीवाला आणि एक बिनदाढीचा गाल पाहिला.

"तुम्हाला माहीत होतं?" मास्तरांनी विचारलं.

"दलाल म्हणाला, हा फोम घ्या, भाव बसत नाही. मी म्हटलं, चालतो का? तो म्हणाला, तिकडे कोण बघतंय. मास्तर, खरंच सांगतो, मला वाटलं फोटो काढायला वापरतात."

"तिकडं पोरं गेली मालक."

"मला वाईट वाटत नाही का? पण आपण नाही बुडवली त्यांना. बोट आपली नाही, लढाई आपली नाही. दोरी विकणाऱ्यानं फास कोणी घेतला ते बघत बसायचं का? इथं अकरा चुली आहेत. तीनशे चाळीस नग आत पडलेत, परवा गाडी येतेय. तेवढे जाऊ द्या, मग मी दुसरा फोम बघतो. शब्द देतो."

"तेवढे म्हणजे तीनशे चाळीस पोरं."

"अहो, ती आपली कोण लागतात?"

मास्तर टाकीच्या कडेवर बसले. त्यांना वाद घालता यायचा नाही. जन्मभर मशीनच्या आवाजात बसलेला माणूस, बोलायची सवय कमी.

"माझा जावई आत्ता कुठल्या तरी इमारतीला टांगलाय," ते म्हणाले. "त्याच्या कमरेला एक पट्टा असेल. तो कोणी शिवला, मला माहीत नाही. माझा तो कोण लागतो? कोणीच नाही. त्यालाही माझा जावई कोणी लागत नाही. तरी रोज झोपताना मी त्या माणसाच्या भरवशावर झोपतो ना, मालक? त्यानं नीट शिवला असेल म्हणून." मग म्हणाले, "आणि माप आपल्या चिमणीचंच होतं."

मालक मान खाली घालून वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तर दाढी पुरी करून सरकारी कचेरीत गेले. ओलं जाकीट पिशवीत घेतलं होतं. कारकून भला होता, त्यानं बसायला खुर्चीही दिली. त्यानं फॉर्म पुढं ओढला. माल घेणारा कोण? माहीत नाही. माल कुठल्या देशात गेला? माहीत नाही. बुडालेल्या माणसांची नावं? माहीत नाही. कारकुनानं पेन खाली ठेवलं. "आजोबा, घटना आमच्या हद्दीत घडलेली नाही. आणि तक्रार कोणाविरुद्ध लिहू? तुमच्याविरुद्ध?"

"लिहा," मास्तर म्हणाले.

कारकून कसनुसा हसला आणि त्यानं फॉर्म परत खणात ठेवला. ज्या वाटेनं वर्षभरात हजारभर जाकिटं बिनबोभाट गेली, त्या वाटेनं एक तक्रार काही जाईना.

ते परत आले तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. मास्तर गोडाऊनमध्ये जाऊन जमिनीवर बसले, पहिलं जाकीट मांडीवर घेतलं आणि ब्लेडनं पट्ट्याची टीप उसवायला लागले. स्वतःची टीप उसवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. तिचं सामर्थ्य त्यांना तेव्हा कळलं. एकेका चौकटीला किती वेळ लागतो! वरचे तीन टाके तर ब्लेडला दादच देईनात. पण ते उसवत राहिले. एकेक टाका, कापडाला धक्का न लावता, दोऱ्याचे तुकडे फुंकून टाकत. बारा-तेरा जाकिटं झाली असतील, तोवर मालक दारात आले. मागं डबे अर्धवट टाकून सगळी माणसं आली. लेकही आली.

मास्तरांना वाटलं, आता ओरडतील. मालकांनी फक्त एक जाकीट उचललं, उलटून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "कापड शाबूत आहे. संध्याकाळपर्यंत परत लावून होतील पट्टे."

तेव्हा मास्तरांच्या ध्यानात आलं की आपण काय करतोय. नासवायला बसले होते आणि हातानं सवयीनं नीटनेटकं उसवलं होतं, दुसऱ्याला शिवायला सोपं जावं असं. चांगल्या कापडात कातर घालायची त्यांच्या हाताला बुद्धीच होईना. ब्लेड धरून ते तसेच बसून राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सगळ्या माणसांसमोर ते लहान मुलासारखे रडले.

लेकीला काल संध्याकाळी त्यांनी सगळं सांगितलं होतं. घर कसं चालायचं, एवढंच ती तेव्हा म्हणाली होती. आता ती टेबलापाशी गेली आणि कापड बेतायची मोठी कातर घेऊन आली.

"बाबा, तुम्ही पट्टा लावलात," ती म्हणाली. "फोम मी भरलाय. मीच काढते."

तिनं जाकिटाचं पोट फाडलं. पिवळा फोम बाहेर आला. दुसरी एक भरणीवाली तिच्या हाताला लोंबकळली. "अगं, तुझा नवरा आहे बाहेरून पैसे पाठवायला. आमच्या पोटावर कशाला पाय देतेस?"

लेकीनं वाद घातला नाही. प्यायच्या पाण्याचा भरलेला तांब्या उचलला आणि टेबलावरच्या फोमवर सगळा ओतला. सगळे बघत राहिले. टेबलावरून एक थेंब खाली पडला नाही. तिनं तो गोळा उचलून त्या बाईच्या हातात दिला. बाईचा हात खाली गेला.

त्या बाईलाही दोन पोरं होती. ती बराच वेळ तो गोळा हातात धरून उभी राहिली. मग तिनं तो खाली ठेवला आणि भिंतीवरची दुसरी कातर काढली. सगळे काही पुढं आले नाहीत. चार-पाच जण तोंड फिरवून बाहेर गेले, आणि त्यांनी मास्तरांशी पुढं कधी बोलणं ठेवलं नाही. मालक पायरीवर बसून होते. त्यांनी अडवलंही नाही आणि हातही लावला नाही. संध्याकाळ व्हायच्या आत तीनशे चाळीस जाकिटांच्या चिंध्या झाल्या होत्या आणि खोलीभर पिवळा फोम पसरला होता.

कारखाना त्यानंतर दीड महिना कसाबसा चालला आणि बंद पडला. दलाल दुसऱ्या दिवशीच गेला होता, आणि जाताना साचा घेऊन गेला होता, पायांमधल्या पट्ट्यासकट. मास्तरांच्या मनाला खरी कुरतड ती. जगात कुठंतरी, कुठल्याशा गल्लीत, कोणीतरी मन लावून काम करणारा शिंपी आज तो पट्टा लावत असेल. त्यालाही कोणीतरी सांगितलं असेल, बाहेर जातो माल, बाहेर. आणि आधी गेलेली हजार जाकिटं होतीच. ती कुठं आहेत, कोणाच्या अंगात आहेत, हे विचारायला मास्तरांकडे ना पत्ता होता ना भाषा. ते रोज सलूनमध्ये जाऊन पेपर बघायचे. दाढी नसली तरी बघायचे. सलूनवाला आता काही वाचून दाखवायचा नाही.

लेकीला एका इस्पितळात फरशी पुसायचं काम मिळालं. मास्तरांनी शाळेच्या फाटकाबाहेर फुटपाथवर मशीन मांडलं. बाहेरची दप्तरं फाटायला वेळ लागत नाही, त्यामुळे काम भरपूर. जुनी गिऱ्हाइकं ओळखून म्हणायची, "मास्तर, तुमचे ते तीन टाके घाला बरं." मास्तर मान हलवायचे आणि घालायचे नाहीत. चौकट घालायचे, फुली घालायचे, आणि लहान मुलाचं दप्तर असलं की फुलीचा शेवटचा टाका मोकळा सोडायचे.

एके दिवशी दुपारी शाळा सुटायच्या वेळेला एक बाई तावातावानं आली. एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात सुटलेला पट्टा, मागं हिरमुसलेला पोरगा.

"मास्तर, मोठं नाव ऐकून आले होते मी! चार दिवस नाही झाले शिवून आणि पट्टा हातात आला."

मास्तरांनी मशीन थांबवलं. "सुटला?"

"सुटला म्हणजे काय! हा बघा."

"कोणी ओढला?"

"यानंच. पायरीला कुठं अडकला म्हणे, म्हणून ओढला."

"एकट्यानं?" मास्तर उठून उभे राहिले होते. "तुम्हाला ओढायला लागला नाही ना? त्याच्या हातानं सुटला?"

बाई गोंधळली. म्हातारा थट्टा करतोय की काय, अशा नजरेनं तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, एकदा ओढला तर सुटला! एकदाच ओढला हो नुसता!"

मास्तर खाली बसले. पोराला त्यांनी जवळ बोलावलं, त्याचे दोन्ही दंड चाचपून पाहिले, आणि पट्टा मांडीवर घेतला.

"बरं झालं," ते म्हणाले. मग पोराकडे बघून त्यांनी पुन्हा विचारलं, "एकदाच ना रे?"